छबूबाईच्या घराखालचं पाणी

आमच्या मिरजगावच्या भागात ओलीला कुणी वाईट म्हणत नाही. रानात गेलेला माणूस टाचेनं ढेकूळ फोडतो, आतली माती चिमटीत धरतो, आणि ती बोटाला जराशी चिकटली तरी त्याचा दिवस बरा जातो. ज्या मुलखात माणसं ओल शोधत हिंडतात, तिथं घरातल्या ओलीवर संशय कोण घेणार? छबूबाईनंही घेतला नाही. तिनं संशय घेतला तो माणसावर.

छबूबाई पेठेच्या मागच्या गल्लीत राहते. वय साठीच्या थोडं अलीकडं. घराला लागूनच पिठाची गिरणी चालवते, त्यामुळं भुवया कायम पांढऱ्या आणि आवाज कायम वरचा. तिच्या टाळूवर रुपयाएवढ्या जागेत केस नाहीत. तिथं तीस वर्षं चुंबळ बसली आणि चुंबळीवर घागर बसली. आमच्याकडच्या पुष्कळ बायकांच्या टाळूवर असा ठसा असतो, पण छबूबाई तो पदराखाली झाकत नाही. नवख्या बाईनं विचारलं तर म्हणते, "ह्यो माझा दाखला."

दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात, टँकरच्या रांगेत उभं राहून राहून, तिनं ठरवलं की आता पाण्यासाठी कुणाच्या तोंडाकडं बघायचं नाही. गिरणीच्या कमाईतून तिनं मागच्या खोलीखाली हौद घ्यायचा बेत केला. दहा फूट लांब, आठ फूट रुंद, पुरुषभर खोल. गावातले जुने गवंडी कृपादान तेव्हाच तिला म्हणाले होते, की घराच्या पायाला चिकटून हौद घेऊ नका, अंगणात घ्या. कृपादान म्हणजे तोलून बोलणारा माणूस, ओळंबा सोडल्यासारखं बोलणं. पण छबूबाईचं म्हणणं, अंगणातलं पाणी गावाचं होतं, घरातलं आपलं राहतं. तिनं बाहेरगावचा दुसरा गवंडी आणला. त्यानं पंधरा दिवसांत हौद उभा केला आणि गेला. हौदाचं पत्र्याचं झाकण खोलीतच, कोपऱ्यात. झाकणाला कुलूप.

गच्चीवरच्या पावसाच्या पाण्यानं हौद पहिल्यांदा भरला त्या दिवशी ती त्या खोलीत बराच वेळ अनवाणी उभी राहिली. तिचा नवरा आबासाहेब, गरीब स्वभावाचा आणि हळू आवाजात थट्टा करणारा, म्हणाला की आता आपण बेटावर राहायला आलो. छबूबाई हसली नाही. तळपायाला फरशीचा गारवा लागत होता आणि तो तिला पुरत होता.

दुसऱ्या वर्षी त्या खोलीच्या उत्तरेकडच्या भिंतीवर, गाद्यांच्या चवडीमागं, काळे ठिपके उठले. मोहरी सांडल्यासारखे. छबूबाईनं ते घासून काढले. महिन्याभरात ते परत आले, आणि येताना भावकी घेऊन आले. जमिनीपासून वीतभर उंचीवर पांढरा खार फुटला, रंगाचे पापुद्रे सुटले. तिनं सोड्यानं घासलं, चुना मारला, फिनेल शिंपडलं. आबासाहेबांनी स्लॅबला दोष देऊन गच्चीवर गळती थांबवायचा थर टाकून घेतला. बुरशी वैशाखातही वाढत होती, तरी ते दोघं पावसाळ्यालाच बोल लावत राहिले. एका दिवाळीला तिनं पुट्टी भरून तेलरंग दिला. भिंत चार महिने आरशासारखी चमकली, मग रंगाखाली फोड आले, आणि फोड फुटले तिथून काळं बाहेर आलं. दर खेपेला रंगाआधी ती भिंत दोन बादल्या पाण्यानं धुऊन काढायची. भिंत मुळातच पाण्यानं आजारी आहे, हे तिच्या ध्यानात येत नव्हतं.

पाण्याचा हिशेब मात्र तिचा पक्का. वेळूच्या काठीला खाचा पाडलेल्या. रोज सकाळी झाकण उघडून ती काठी हौदात सोडायची आणि ओलं कुठवर आलं ते बघायची. चौथ्या-पाचव्या वर्षापासून काठी वापरापेक्षा जास्त कोरडी निघू लागली. आधी थोडी. मग दर आठवड्याला बोट-बोट.

शेजारी केशरबाई राहते. एकटी बाई. पत्र्याचं दोन खोल्यांचं घर, आठवडी बाजारात भाजी विकते. छबूबाई लग्न होऊन आली तेव्हापासून तिला आक्का म्हणायची. दोन्ही घरांच्या मधल्या पट्टीत केशरबाईचा शेवगा आहे. तीन उन्हाळ्यांमागं, गावातल्या कडुलिंबांचीसुद्धा पानं मलूल झाली होती, तेव्हा हा शेवगा हिरवागार, शेंगांनी लगडलेला. छबूबाईनं एका सकाळी कोरडी काठी बघितली, मग खिडकीतून तो शेवगा बघितला, आणि तिच्या मनात दोन्हीची गाठ बसली.

टँकरच्या रांगेपाशी जाऊन, वीसेक बायकांसमोर, ती गिरणीतल्या आवाजात बोलली. "मी गिरनीवर असते तवा खिडकीतून नळी टाकून माझं पानी उपसतीस, आक्का. शेवगा बघ तुझा. चोरीच्या पान्यानं माजलाय."

केशरबाईनं अर्धी भरलेली घागर तिथंच उतरवली आणि त्या दिवशी बिनपाण्याची घरी गेली. त्यानंतर दोघींत बोलणं नाही. छबूबाईनं त्याच आठवड्यात मागच्या खोलीची खिडकी विटांनी बुजवून घेतली. पाणी तरीही कमी होत राहिलं. तिला वाटलं, बाईनं दुसरी वाट काढली असेल. हवा बंद झालेल्या त्या खोलीत बुरशी मात्र भिंत सोडून छताच्या कोपऱ्यापर्यंत चढली.

आता लेकीचं. पंकजा एकुलती. हौद झाला तेव्हा ती नववीत होती आणि त्याच खोलीत अभ्यासाला बसायची. दहावीच्या वर्षी तिला दम लागू लागला. पुढं लग्न होऊन ती सासरी, राहात्याला गेली आणि दम्याचा पंप कपाटात पडून राहिला. माहेरी आली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती वाजायला लागायची. गल्लीतल्या बायका म्हणत, माहेरची नजर लागते. छबूबाई मीठ-मिरची उतरवून टाकायची.

यंदा चैत्रात पंकजा सातवा महिना लागल्यावर पहिल्या बाळंतपणाला आली. पहिलं बाळंतपण माहेरचं, हा आमच्याकडं आईचा हक्क असतो आणि परीक्षाही असते. पोहोचवायला जावई आला होता, धवल, मेडिकल दुकान चालवणारा शांत मुलगा. निघताना तो म्हणाला की माझ्या आईनं सांगितलंय, दम लागला तर लगेच परत आणायचं. विहीणबाईंचा फोनही आला. आवाज गोड होता. त्या एवढंच म्हणाल्या, "आमच्याकडं तिला कधी शिंकसुद्धा येत नाही हो."

छबूबाईनं ते वाक्य गिळलं. खोली तिनं आदल्याच आठवड्यात धुऊन रंगवली होती.

पाचव्या दिवशी सकाळी पंकजा खाटेवर बसून होती. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, खांदे वर उचललेले. श्वास आत जाताना शिट्टी, बाहेर येताना शिट्टी. पोटावरून तिची नजर हलत नव्हती. तिला तालुक्याला, कर्जतला नेलं. डॉक्टरीणबाईंनी वाफ दिली, तपासलं, आणि विचारलं की राहत्या घरात कुठं ओल, बुरशी आहे का.

छबूबाई म्हणाली, "आमच्या मिरजगावात वल कुठली, बाई? प्यायला पानी न्हाई."

पंकजा आईकडं न बघता म्हणाली, "आहे. भिंतभर आहे."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला. आईचा श्वास कमी पडला तर पोटातल्या बाळालाही कमी पडतो, त्या म्हणाल्या. त्या खोलीत हिला एक दिवसही ठेवू नका. पुढच्या खोलीचं विचारलं, तर तिथं गिरणीचं पीठ उडतं. तीही नको. धवलला फोन गेला. तो रविवारी न्यायला येतो म्हणाला. त्या दिवशी सोमवार होता.

घरी परतल्यावर पंकजाची खाट स्वयंपाकघरात, ओट्याशेजारी टाकली. ती जागा इतकी अरुंद की कूस बदलायची तर आधी उठून बसावं लागे.

मंगळवारी सकाळी आबासाहेब कुणाला न विचारता कृपादानांना घेऊन आले. बारा वर्षांनी ते त्या घरात पाऊल टाकत होते. त्यांनी भिंतीवर पंजा ठेवला, मग पंजा नाकाशी नेला. खाली बसून खार खरवडला. मागं कधी काय म्हणालो होतो, त्याचं अक्षरही त्यांनी काढलं नाही. त्यांनी ते काढलं असतं तर छबूबाईला बरं वाटलं असतं. तिच्याजवळ उत्तर तयार होतं.

त्यांनी हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं पक्का बसवला. मग झाकण उघडायला लावलं. झाकणाच्या आतल्या अंगाला थेंबच थेंब लटकले होते. काठी सोडून त्यांनी खडूनं खूण केली, झाकण लावलं, कडेनं ओली माती लिंपली आणि त्या मातीत अंगठा उमटवला.

"दोन दिवस यातलं थेंबभर पाणी काढायचं नाही," ते म्हणाले. "परवा सकाळी बघू. पाणी तेवढंच राहिलं तर हौद चांगला, मग नेणारा कुणी असंल. कमी झालं तर नेणारा कुणी नाही, वैनी."

दोन दिवस आबासाहेब सायकलला घागरी बांधून बाजारातल्या हापशावरून पाणी आणत होते. छबूबाईनं गिरणी बंद ठेवली. ती मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहिली. जेवली तिथंच. तिची नजर त्या लिंपलेल्या मातीवर. माती सुकत चालली होती, अंगठ्याचा ठसा पांढरा पडत होता. पाणी कमी होऊ नये असं तिला वाटत होतं. हौद तिचा होता, तिच्या टाळूवरच्या केसांतून उभा राहिलेला. आणि हौद चांगला असला, तरच तीन वर्षांमागचं तिचं बोलणं खरं ठरणार होतं.

बुधवारी आबासाहेब घागर उतरवता उतरवता म्हणाले, "तू राखन बसलीस म्हनून चोर आला न्हाई वाटतं. का मातीच्या भेगेतून शिरला?"

"तुमी गप ऱ्हावा," ती म्हणाली. स्वयंपाकघरातून पंकजाचा खोकला आला. दोघंही खोकला थांबेपर्यंत जागचे हलले नाहीत.

गुरुवारी सकाळी कृपादान आले. ठसा शाबूत होता. तो त्यांनी छबूबाईला नीट बघू दिला. मग माती खरवडून झाकण उचललं आणि काठी तिच्याच हातात दिली. तिनं ती सोडली, वर काढली. खडूच्या खुणेखाली दोन बोटं कोरडी होती.

तिनं काठी पुसून पुन्हा सोडली. तेवढंच.

"तेरा-चौदा घागरी," कृपादान म्हणाले. "दोन दिवसांत." भिंतीवरचं प्लास्टिक त्यांनी सोडवलं. भिंतीकडच्या अंगाला पाण्याचे मणी होते, खोलीकडचं अंग कोरडं. "हे पाणी हवेतलं नाही. हौद पायात झिरपतो, पाया पितो, आणि भिंत वातीसारखी वर ओढते. तुम्ही वरून रंग मारला, तिनं दुसरीकडून तोंड काढलं. खिडकी बुजवली, त्यामुळं जी वाफ बाहेर जायची तीही घरात राहिली."

छबूबाईनं विचारलं की हौदाला वरून काही लावता येईल का. कृपादान म्हणाले, भरल्या हौदाला काही करता येत नाही. सगळा उपसावा लागेल, वाळवावा लागेल. आणि रविवारी ते काम करत नाहीत, चर्च असतं, तेव्हा शनिवारच्या आत भेग बघायची तर उद्याच उपसा.

हौदात तीन हात पाणी होतं. वैशाख तोंडावर आला होता. पाऊस दीड महिना लांब, तोही आला तर. छबूबाई म्हणाली, "जीव गेला तरी न्हाई." आणि उठून गिरणीवर गेली. पट्टा चढवला. दळायला काहीच नव्हतं, जातं रिकामंच फिरत राहिलं.

दुपारी पंकजा भिंतीला धरत धरत गिरणीत आली. पिठाच्या भीतीनं पदर नाकाला लावलेला. आईनं झटकन पट्टा उतरवला. एकदम शांत झालं तशी ती शिट्टी ऐकू आली.

"आई, मी रविवारी जाते," पंकजा म्हणाली. "तू वाईट वाटून घेऊ नको. मला श्वास पाहिजे. बाकी काही नको."

ती रडत नव्हती, म्हणून छबूबाईला ते जास्त लागलं. लेकीला तिनं हाताला धरून आत नेलं, पाणी दिलं. मग तशीच, अंगावरच्या पिठासकट, आबासाहेबांना म्हणाली, मोटर काढा.

शुक्रवारी सकाळी गल्लीत पाइप आला. तेरा हजार लिटरचा हौद ती रस्त्यावर सोडणार नव्हती, म्हणून दारोदार निरोप गेला. बायका भांडी घेऊन आल्या. पिंप, कळशा, पातेली, कुणी बाळाचा टबसुद्धा. आधी कुणाचा विश्वास बसेना. छबूबाईनं कधी पेलाभर पाणी कुणाला दिलं नव्हतं. एक म्हातारी म्हणाली, "घे बाई भरून, पुन्हा कवा तिचं डोकं फिरंल सांगता येत न्हाई." केशरबाईचं दार उघडं होतं, पण ती आली नाही.

दुपारी हौदाचा तळ दिसला. कृपादान शिडीवरून उतरले आणि आतून हाक मारली. उत्तरेच्या कोपऱ्यात, तळ आणि भिंत भेटतात त्या रेषेवर, हात-सव्वाहात लांब भेग होती. कोपऱ्याला सिमेंटची गोलाई द्यायची असते, ती दिलेली नव्हती. भेगेतून शेवग्याची पांढरी मुळं आत आली होती, केसांसारखी, मूठभर. हौदाची भिंत ओलांडून पाण्यापर्यंत पोचलेली.

छबूबाई झाकणाच्या तोंडाशी गुडघ्यांवर बसून ती मुळं बघत होती. पाणी शेवग्यालाच जात होतं. तिचं बोलणं तेवढं खरं होतं.

हौद पंधरा दिवसांत दुरुस्त होईल, कृपादान म्हणाले. बुजवलेली खिडकी त्यांनी त्याच दुपारी फोडली. पण भिंतीचं वेगळं. फुगलेलं प्लास्टर उतरवायचं, दगड उघडे ठेवायचे, आणि वाट बघायची. जाडीच्या एका इंचाला एक महिना धरा. भिंत दीड फुटाची होती.

छबूबाईनं बोटांवर महिने मोजले नाहीत. तिला कळलं की हौद रिकामा करूनही लेकीला ठेवायला घर नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत ती केशरबाईच्या दारात गेली. केशरबाई शेंगा निवडत बसली होती. वर बघितलं आणि पुन्हा शेंगांकडं बघितलं. तिच्या घराचा पत्रा तापतो, पण भिंती खडखडीत कोरड्या, समोरासमोर दोन खिडक्या, आणि वर शेवग्याची सावली. छबूबाईनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. भेग, मुळं, डॉक्टरीणबाई, रविवार. मग म्हणाली, "बाळातपनापुरती एक खोली दे."

केशरबाईनं हातातली शेंग पुरी निवडली. "पंकजा माझ्या मांडीवर वाढली. तिला खोली हाय. पर तुला न्हाई. तू जिथं बोललीस, तिथं बोल. मग घेऊन ये तिला."

"दारात पाया पडते तुझ्या."

"पाया नगं. रांगंत बोल."

शनिवार टँकरचा दिवस. छबूबाई बारा वर्षांनी घागर घेऊन रांगेत उभी राहिली. तिच्या हौदाची गोष्ट गावभर झाली होती, त्यामुळं बायका तिच्याकडं बघत होत्या आणि बघत नसल्यासारखं करत होत्या. केशरबाई पाच-सहा बायका पुढं, पाठमोरी. टँकर आला. पाइप सुटला, गलका झाला. छबूबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. एवढा मोठा आवाज असलेली बाई, पण त्या दिवशी पहिले शब्द शेजारी उभ्या बाईलाही ऐकू गेले नाहीत.

"मोठ्यानं बोल," केशरबाई मागं न बघता म्हणाली.

"केशरआक्कानं माझं पानी चोरलं न्हाई," छबूबाई म्हणाली. आता सगळ्यांना ऐकू गेलं. "माझा हौद फुटका हुता. मी तिच्यावर आळ घेतला. तीन वर्सं घेतला."

पाइपचं पाणी एका पिंपात पडत राहिलं आणि काठावरून सांडायला लागलं, तरी कुणी पाइप हलवला नाही. मग मागून कुणीतरी म्हटलं, "आगं पानी चाललं की." तशी हालचाल सुरू झाली. केशरबाईनं आपली घागर भरली, उचलली. छबूबाईजवळून जाताना ती एवढंच म्हणाली, "माझा शेवगा आता वाळंल तुझ्या पायी. येताना तिची उशी आन. माझ्याकडं जास्तीची न्हाई."

त्याच दुपारी पंकजा पलीकडं गेली. चाळीस पावलांची वाट तिनं तीनदा थांबून ओलांडली. संध्याकाळपर्यंत पंप दोनदा लागला, रविवारी सकाळी एकदा.

धवल रविवारी अकराला आला आणि सवयीनं सासऱ्याच्या दारात थांबला. आत फोडलेली भिंत, रिकामा हौद, धूळ. आबासाहेबांनी त्याला शेजारचं दार दाखवलं. तो आत गेला तेव्हा पंकजा शेंगांची आमटी आणि भाकरी खात होती, आणि केशरबाई तिला आणखी अर्धी वाढत होती. धवल खाटेच्या कडेला बसला. त्यानं बायकोच्या पाठीवर हात ठेवला आणि दुकानदाराच्या सवयीनं मनातल्या मनात श्वास मोजले. आईला फोन लावून बाहेर जाऊन बोलला. बोलणं लांबलं, पण परत आला तेव्हा त्यानं बॅग भरायला सांगितलं नाही. पुढच्या रविवारी येऊन बघतो म्हणाला, आणि पंपाची नवी डबी तिच्या उशाशी ठेवली.

छबूबाई दारातूनच बघत होती. तिला अजून कुणी आत ये म्हटलं नव्हतं. केशरबाईचं पिंप निम्म्यावर आलेलं तिला दिसलं. ती वळली, घरातून घागर आणि चुंबळ काढली आणि हापशाकडं निघाली.

दुपारच्या गाडीनं धवल एकटाच राहात्याला गेला.